शिंत्रे सरांचा खडा

शिंत्रे सरांच्या तासाला बसायचं तर कान नव्हे, दात शाबूत पाहिजेत, असं कॉलेजातली जुनी पोरं नव्यांना सांगत. याला कारण सरांची एक खोड. उमेश शिंत्रे गणित शिकवत, आणि रोजच्या तासाला फळ्यावर एक चूक मुद्दाम करत. कधी वजाचं अधिक, कधी कंस सोडवताना आतलं एक पद गायब. चेहरा मात्र असा ठेवत की बघणाऱ्याला स्वतःचीच शंका यावी. पहिल्या दिवशीच ते सांगून टाकत, “पोरांनो, माझ्या भातात रोज एक खडा असतो. चावून खाल तर दाताखाली येईल. नुसतं गिळाल तर पोटात जाईल आणि परीक्षेत दुखेल.”

ज्याच्या दाताखाली खडा येई तो उभा राहून ओरडे, “सर, खडा!” मग सर त्याच्या हातात डस्टर देत. त्यानं पुढे यायचं, चूक पुसायची, बरोबर लिहायचं आणि पांढऱ्या हातांनी जागेवर जाऊन बसायचं. बक्षीस म्हणून एवढंच. पण ते डस्टर आपल्या हातात यावं म्हणून एकोणतीस वर्षं पोरं डोळ्यांत तेल घालून फळ्याकडे बघत आली होती. आजचा खडा कुठे टाकायचा हे सर तासाआधी एका छोट्या डायरीत लिहून ठेवत, तारखेसकट.

दोन हजार बेचाळीस सालच्या फेब्रुवारीत त्या डायरीत आठ महिन्यांचे खडे जमले होते, आणि त्यांतला एकही कुणाच्या दाताखाली आलेला नव्हता.

पोरं ढ निघाली म्हणावं तर तसंही नाही. हिरण्यकेशीकाठच्या त्या तालुक्याच्या गावात कॉलेजचा गणिताचा निकाल कधी नव्हे तो चौऱ्याण्णव टक्क्यांवर गेला होता. गोम होती ती पोरांच्या कानात.

कंपनीनं त्या यंत्राला काहीतरी भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं, पण पोरं त्याला मणीच म्हणत. तुरीच्या दाण्याएवढी वस्तू, कानाच्या आत बसणारी. तिची कामं तीन. एक म्हणजे बाहेरचा आवाज अडवायचा आणि शिक्षकाचं वाक्य तीन सेकंद आपल्याजवळ धरून ठेवायचं. दुसरं, कानाच्या नळीच्या कातडीवरून मेंदूतले अगदी बारीक विजेचे स्पंद टिपायचे. ऐकलेलं वाक्य डोक्यात बसलं नाही की अर्ध्या सेकंदाच्या आत त्या स्पंदांचा आलेख एका विशिष्ट जागी खाली जातो. शास्त्रज्ञांना हे जुनंच ठाऊक होतं. नवं होतं ते घाम, जांभया आणि जबड्याच्या हालचालींच्या गोंधळातून एवढ्याशा दाण्यानं तो खळगा हुडकणं. आणि तिसरं काम सगळ्यात मोठं. ज्या पोराच्या डोक्यात वाक्य बसलं नाही त्याच्यासाठी ते मोडून, सोपं करून, त्याच्या बोलीत, पण शिक्षकाच्याच आवाजात पुन्हा सांगायचं. हुशार पोराला पुढचं, मागे पडलेल्याला मागचं. सर एक वाक्य बोलत आणि वर्गात अठ्ठावन्न वाक्यं ऐकू जात.

हा मणी कॉलेजात यावा म्हणून सगळ्यात जास्त कोण भांडलं असेल, तर शिंत्रे सरच. स्टाफरूममध्ये बाकीचे प्राध्यापक खडू-फळ्याच्या नावानं गळे काढत होते तेव्हा ते एकटे म्हणाले होते, “फळाही राहील आणि मणीही राहील. मागच्या बाकावरच्या पोराच्या डोक्यावरून जातंय हे मला इथून दिसतं हो. पण अठ्ठावन्न जणांशेजारी मी एकाच वेळी कसा जाऊन बसू?” कंपनीच्या माणसांना टाळेबंदीच्या सालापासूनची एकवीस वर्षांची त्यांच्या तासांची रेकॉर्डिंग्ज मिळाली. त्यांत सरांचं खोकणं होतं, विनोद होते, दर चार वाक्यांनंतरचं “बघा हं” होतं. सरांनी कागदावर हसतहसत सही केली होती.

शिक्षकाला घरी बसवावं असं मात्र कुणाच्या मनात नव्हतं. शहरातल्या काही कॉलेजांनी नुसते मणी वाटून पाहिले, तर पोरं दहा मिनिटांत वर्गातून पसार झाली. समोर माणूस उभा असला की पोरं बसतात, तो काय बोलतो याला फारसं महत्त्व नाही, असं एका अहवालात शहाण्यांच्या भाषेत लिहून आलं. म्हणून नियम झाला की तासाला खडू, फळा आणि माणूस हवाच, आणि कानात मणीही हवा. फळ्यासमोर एक कॅमेरा बसला. फळ्यावर काही चुकलं की मणी सरांच्या आवाजात हळूच सांगे, “हे वहीत वजा लिही हं.”

जुलैमध्येच सरांच्या लक्षात आलं की आपला खडा वाटेतच उचलला जातोय. त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अदबीनं म्हणाली, “सर, मुद्दाम केलेली चूक आणि नकळत झालेली चूक मण्याला सारखीच दिसते. दोन्ही तो दुरुस्त करणार.” सरांनी फोन ठेवला. डायरीत खडा लिहायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. सवय हो, दुसरं काय.

तासाला त्यांना फार एकटं वाटू लागलं. विनोद केला की वर्ग तीन सेकंदांनी हसे, तोही तुकड्यातुकड्यानं. कधी ते गंभीरपणे निश्चयक मांडत असताना तिसऱ्या बाकावरची दोघं खुदकन हसत. त्यांच्या कानात कुठला विनोद झाला, आपण तो कुठल्या साली केला होता, हे सरांना कळायला मार्ग नव्हता. एकदा एसटी स्टँडवर एक पोरगा धावत येऊन पाया पडला. “सर, तुम्ही परवा म्हणालासा न्हवं, घाई करू नको, हे प्रमेय माझ्याबी डोक्यावरनं दोन वर्षं जात हुतं. लई धीर आला सर.” बोलणं खरं होतं. ते प्रमेय सरांना खरोखरच दोन वर्षं छळत होतं आणि कधीतरी वर्गात ते तसं बोललेही असतील. पण या पोराशी ते आयुष्यात एक शब्द बोलले नव्हते. त्याचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं.

घरीही दुसरं कुणी नव्हतं. पत्नी मनीषा लेकीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेली ती नातवाला सांभाळायला तिथेच राहिली. रोज संध्याकाळी फोन होई. गॅस आला का, कामवाली आली का, औषध घेतलं का. पाच मिनिटांत संपे.

हळूहळू सर वर्गाकडे बघेनासे झाले. अठ्ठावन्न जोडी डोळे आपल्याकडे लागलेत आणि कान भलतीकडे आहेत, हे फार दिवस सोसवत नाही. ते फळ्याकडे तोंड करून बोलत, लिहीत, पुसत आणि घंटा झाली की निघून जात.

फेब्रुवारीत अंतर्गत परीक्षेचे गुण लागले. चाळीसपैकी तिसाच्या खाली कुणी नव्हतं. अपवाद एक. ईश्वरी रेडेकर, अकरा.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, छातीशी वही. भिंतीकडेला बसणारी मुलगी, एवढीच सरांना तिची ओळख होती.

“सर, आत येऊ?”

“ये. अकरा पडले ती तूच ना?”

“व्हय सर. कुठं चुकलं तेवढंच बघायचं हुतं. मी सगळं वहीपरमाणंच लिवलंय. रोज घरी जाऊन दोनदा उतरून काढतो मी.” तिकडच्या पोरी ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. “पेपर सोडून आलो तवा वाटलं, पस्तीस तर कुठं जात न्हाईत.”

सरांनी वही उघडली. अक्षर मोत्यासारखं. दोन पानं उलटली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“अगं, हे काय? सात आठे चोपन्न?”

“फळ्यावर तसंच हुतं सर.”

“मग खडा असणार तो.” सरांनी खिशातून डायरी काढली आणि तारीख शोधली. त्या दिवसाचा खडा तिसऱ्या पायरीतलं चिन्ह होता. वहीत ते चुकीचं चिन्हही जागच्या जागी होतं. आणि सात आठे चोपन्न वेगळे. पुढच्या पानावर एका प्रमेयाची सुरुवात होती आणि शेवट दुसऱ्याच प्रमेयाचा. मधे कुठे सांधा नाही. सर वही डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. खालच्या ओळीत त्यांचंच “बघा हं” तिनं इमानदारीत उतरवून घेतलं होतं.

“तू मणी घालत नाहीस?”

ईश्वरीनं मान खाली घातली. “न्हाई सर. खिशात ठेवतो.”

“का?”

“आई तुमच्या हाताखाली शिकली. वैशाली पोवार, आता रेडेकर. तीनदा डस्टर मिळालेलं तिला, अजून सांगत असतीया. ती म्हणती, शिंत्रे सरांचा तास त्यांच्या तोंडाकडं बघून ऐकायचा. मणी घातला की तुमचं तोंड एक बोलतंय आणि कानात दुसरंच येतंय. मला कसंतरीच हुतंय सर ते.”

“बरं, मग चूक दिसली तेव्हा ओरडली का नाहीस?”

“सगळी गपचीप लिवत असायची. सत्तावन्न जणांस्नी बरोबर दिसतंय म्हटल्यावर माझ्याच टाळक्यात शिरत नसंल, असं वाटायचं.” मग तिनं सरांकडे बघितलं. “एकदा हात वर केलता मी. दिवाळीच्या आधी. लई वेळ. पण तुम्ही फळ्याकडंच बघत हुता.”

आठ महिने आपलं कुणी ऐकत नाही म्हणून सर आतल्या आत कुढत होते. ऐकणारी एक होती. भिंतीकडेला बसून ती त्यांचा शब्द न् शब्द ऐकत होती आणि त्या ऐकण्यानंच तिचं वाटोळं केलं होतं. विद्यापीठाची परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती.

“वही माझ्याकडे राहू दे आज,” ते म्हणाले. “उद्या नेशील.”

घरी जाऊन त्यांनी एका बाजूला वही, दुसऱ्या बाजूला डायरी आणि मधे पाठ्यपुस्तक घेतलं. जूनच्या तासांत एकेकच चूक होती, मुद्दाम केलेली. गणपतीच्या सुमारास ती दोन झाली. दिवाळीनंतर चार. गेल्या आठवड्यातल्या एका तासात त्यांनी नऊ मोजल्या. त्यांनी वही मिटली ती त्या आकड्यामुळे नव्हे. नऊपैकी तीन चुका पुस्तक उघडून ओळीशी ओळ लावेपर्यंत त्यांना दिसल्याच नव्हत्या, आणि एक तर पुस्तक बघूनही पटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्राचार्यांच्या खोलीत गेले. प्राचार्य डॉ. शर्वरी नाईकवाडी त्यांचीच विद्यार्थिनी, टाळेबंदीच्या आधीच्या बॅचची. चारचौघांत सर तिला मॅडम म्हणत.

“मण्याचा महिन्याचा अहवाल तुमच्याकडे येतो ना, मॅडम? त्यात दुरुस्त्या दाखवतात?”

शर्वरीनं पेन खाली ठेवलं. तिनं विचारलं नाही की का. त्यावरून सरांना उत्तर कळलं.

“कधीपासून ठाऊक आहे तुला?” ‘मॅडम’ आपोआप गळून पडलं.

“ऑक्टोबरपासून, सर. आधी वाटलं, तुम्ही खडे वाढवलेत. मग वाटलं, दमले असतील. मग…” ती खिडकीकडे बघू लागली. “तुमच्यासमोर उभं राहून तुमची चूक मी कुठल्या तोंडानं सांगू?”

“फळ्यासमोर उभी राहून सांगत होतीस की. सगळ्यात मोठ्यानं तूच ओरडायचीस.”

“तेव्हा ती चूक खोटी होती, सर.”

शर्वरी समजुतीच्या सुरात बोलू लागली, “पोरांचं काही नुकसान झालेलं नाही. एकाही पोराच्या कानात चूक गेलेली नाही. निकाल बघा तुम्ही.”

“एकीच्या गेली.”

“रेडेकरचं म्हणताय? तिनं मणीच घातला नाही. नियम आहे सर, तिनं मोडला.”

“तिनं माझं ऐकलं, शर्वरी. शिक्षकाचं ऐकलं म्हणून पोरगी नापास होणार असेल तर तो शिक्षक कशाला पाहिजे?”

“निवृत्तीला तीनच वर्षं राहिलीत. डॉक्टरांकडे जाऊन या, मी सोबत येते हवं तर. पण तास सोडू नका. तुम्ही नुसते उभे राहिलात तरी चालतं. बाकी मणी बघून घेईल.”

“म्हणजे बुजगावणं.”

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वाईट बाई नव्हती, तिचं सरांवर प्रेम होतं. म्हणून तर तिनं पाच महिने तोंड उघडलं नव्हतं.

संध्याकाळी फोनवर सरांनी मनीषाला विचारलं, “मी हल्ली बोलताना चुकतो का गं?”

पलीकडे नातू रडत होता. त्याला तिनं आधी थोपटून गप्प केलं. मग म्हणाली, “गॅस संपल्याचं मागच्या आठवड्यात तुम्ही तीनदा सांगितलंत. मला वाटलं, एकटे असता, बोलायला दुसरं काही नसेल. म्हणून दर वेळी नवीन असल्यासारखं ऐकलं.”

म्हणजे इकडेही मणीच होता.

पण हाडाचे मास्तर होते ते. आपलं नेमकं किती बिघडलंय हे दुसऱ्याच्या अहवालावरून मान्य करणं त्यांना जमेना. पुढच्या तासाची त्यांनी पहाटे उठून तीनदा तयारी केली. त्यात खडा ठेवला नाही. वर्गात गेले, खडू उचलला आणि कित्येक महिन्यांनी पोरांकडे तोंड करून उभे राहिले. ईश्वरीला त्यांनी आधीच बजावलं होतं, तिच्या कानात मणी होता.

“आज एक करायचं,” ते म्हणाले. “मी काही चुकलो आणि मण्यानं तुमच्या कानात दुरुस्ती सांगितली, की हात वर करायचा. बोलायचं नाही, नुसता हात.”

तीन सेकंद गेले. पोरं एकमेकांकडे बघू लागली. पुढच्या बाकावरच्या पाटलाच्या ओंकारनं कानातला मणी काढून विचारलं, “सर, ह्ये खरंच तुम्ही म्हणालासा?”

“खरंच मी म्हणालो. घाल परत.”

त्यांनी शिकवायला सुरुवात केली. चार मिनिटं सुरळीत गेली. मधे एक विनोदही झाला, आणि तो तीन सेकंद उशिरा का होईना, सगळ्यांना एकच ऐकू आला असावा असं त्यांना वाटलं. त्यांना खूप दिवसांनी बरं वाटलं. फळ्यावरची ओळ पुरी करून ते वळले तेव्हा वर्गात अठ्ठावन्न हात वर होते.

सरांनी फळ्याकडे बघितलं. त्यांना सगळं बरोबर दिसत होतं.

“कुठे?”

“तिसरी ओळ सर,” ओंकार म्हणाला.

त्यांनी तिसरी ओळ वाचली. पुन्हा वाचली. “काय आहे तिच्यात?”

“तिथं वजा पायजे, सर.”

मग त्यांना दिसलं. निदान दिसलं असं वाटलं. त्यांनी पुसलं, वजा लिहिलं आणि पुढे गेले. दोन मिनिटांनी पुन्हा हात. पुन्हा “कुठे?” सर पुसत राहिले, लिहीत राहिले. घाम शर्टाच्या आत उतरला. थांबले असते तर चाललं असतं, कुणी नावं ठेवली नसती, पण त्यांनी हट्टानं तास ओढला. दहा वेळा हात वर झाले आणि दहा वेळा त्यांनी विचारलं.

अकराव्या वेळी निम्मेच हात वर आले. बाकीच्यांनी वहीत तोंडं घातली होती. त्या पोरांना चूक ऐकू आली नव्हती असं नाही. त्यांना सरांची दया आली होती. एक मुलगी तर वर केलेला हात हळूच खाली घेऊन केस सावरल्यासारखं करत होती.

चुका एक वेळ सोसल्या असत्या. ही दया सरांना सोसली नाही. त्यांनी खडू टेबलावर ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, “बसा. चांगलं ऐकलंत आज.” त्याच दिवशी त्यांनी शर्वरीच्या टेबलावर राजीनाम्याचा कागद ठेवला. तिनं दोनदा परत केला. तिसऱ्यांदा घेतला.

कोल्हापूरला जाऊन तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, नाव कळून कुणाचं भलं होत नाही. वेगानं वाढेल का हळू, हे बघावं लागेल, एवढंच खरं. मनीषा महिनाअखेरीला परत येणार होती.

सरांच्या तासाला फळ्यासमोर एक तरुण प्राध्यापक उभा राहू लागला. मण्यातला आवाज मात्र शिंत्रे सरांचाच ठेवला. तसा करार होता, आणि पोरांनाही त्या आवाजाची सवय झाली होती. रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी अठ्ठावन्न कानांत सर “बघा हं” म्हणत. त्या वेळी ते घरी स्वयंपाकघरात शेगडीसमोर उभे असत आणि आपण पाणी कशासाठी तापवत ठेवलं ते आठवत असत. दिवसभरात दूधवाल्याशी दोन शब्द आणि मनीषाशी पाच मिनिटं, एवढंच त्यांचं बोलणं उरलं होतं. घसा आतून गंजल्यासारखा वाटे.

एका रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. ईश्वरी होती. सरांना तिचं नाव पटकन आठवलं, त्याचाच त्यांना केवढा आनंद झाला.

“सर, सराव परीक्षेत छत्तीस पडले,” तिनं बसायच्या आधीच सांगितलं.

“वा! मणी घालतेस ना आता?”

“घालतो. तुम्ही सांगितलं म्हणून घालतो.” तिनं वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. तिचे डोळे चमकत होते. “पण ह्ये मण्यानं सांगितलेलं न्हाई. कुणीच न्हाई. त्या मोठ्या निश्चयकाची किंमत काढायला पुस्तकात दोन पानं लागत्यात न्हवं? मला काल भांडी घासताना एक वेगळी रीत सुचली. सहा ओळींत येतंय. कुणाला दाखवलं न्हाई अजून. म्हटलं, पयलं तुमास्नी दाखवावं.”

सर वहीवर वाकले. ज्याच्यासाठी माणूस एकोणतीस वर्षं खडू झिजवतो, ते त्या पानावर होतं. न शिकवलेलं काहीतरी एका पोरीला आपणहून सुचलं होतं आणि ती ते घेऊन त्यांच्या दारात आली होती. पहिली ओळ त्यांना समजली. दुसरी समजली. तिसरीला त्यांनी बोट लावलं आणि पुन्हा पहिलीपासून वाचलं. चौथ्या ओळीत अक्षरं नुसती अक्षरं होऊन बसली. त्यांनी चष्मा पुसला. तिसऱ्यांदा वाचलं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

“बरोबर हाय का, सर?”

ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, तिच्या आईनं शिकवलं होतं तशी. हो म्हणणं सोपं होतं. तिला आनंद झाला असता. पण रीत चुकीची असली तर ती परीक्षेत तीच लिहून येणार होती, आणि सरांनी तिच्यावर एकदा ती वेळ आणली होती.

“मला नाही सांगता येत,” ते म्हणाले.

ईश्वरी हसली. “मुद्दाम म्हणताय न्हवं? मी हुडकावं म्हणून?”

“नाही गं. खरंच नाही कळत मला. चौथ्या ओळीच्या पुढे जाता येत नाही.”

तिचं हसू मावळलं. थोडा वेळ ती वहीच्या कडा सरळ करत राहिली. मग चाचरत म्हणाली, “रागावू नगासा सर,” आणि पिशवीतून डबी काढून मणी कानात घातला. वहीच्या पानापुढे फोन धरला आणि ऐकू लागली.

सर तिच्याकडे बघत होते. आधी तिच्या भुवया जवळ आल्या. मग एक ओठ दाताखाली गेला. मग चेहरा हळूहळू खुलत गेला, इतका की खोलीतली दुसरी कुठलीही गोष्ट बघावीशी वाटेना. आपलं बोलणं एखाद्याच्या डोक्यात शिरताना कसं दिसतं, हे सर विसरले होते. तिनं मान वर केली. तिच्या नजरेत कृतज्ञता होती, आणि ती थेट त्यांच्याकडे बघत होती.

“बरोबर हाय म्हणताय तुम्ही, सर!”

सरांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

“अस्सं?” ते म्हणाले. “आणखी काय म्हणतोय मी?”

ईश्वरीनं एक बोट वर करून त्यांना थांबायची खूण केली. ती अजून ऐकत होती.